त्या पेट्रोलमनचं नाव

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

एका मराठी वाहिनीवर दर रविवारी रात्री नऊला प्रवासाच्या आठवणींचा कार्यक्रम लागतो. पाहुणा येतो, आपल्या आयुष्यातला एखादा प्रवास सांगतो, मागे चित्रं सरकतात, संगीत वाजतं. वाहिनीचं आणि कार्यक्रमाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्यांनी तो केला ते हे पत्र वाचून ओळखतील, आणि त्यांच्यापर्यंत ते पोचावं एवढीच इच्छा आहे. मागच्या वर्षी या कार्यक्रमात माझे थोरले बंधू दिसले होते. घरात आम्ही त्यांना दादा म्हणतो, इथेही तसंच लिहिते.

दादा रेल्वेत गार्ड होते. १९६३ साली नोकरीला लागले, २००१ मध्ये निवृत्त झाले, आणि त्यातली पंचवीसेक वर्षं त्यांनी इतवारी-नागभीड या छोट्या लाइनवर काढली. नव्या वाचकांसाठी सांगते : नागपूरच्या इतवारीहून कुही, उमरेड, भिवापूर, पवनी रोड करत नागभीडला जाणारी ही नॅरोगेज गाडी शंभर वर्षांहून अधिक काळ चालली आणि २०१९ च्या नोव्हेंबरात रुंदीकरणासाठी बंद झाली. मी स्वतः भिवापूरच्या शाळेत सव्वीस वर्षं भूगोल शिकवला. सोमवारी पहाटे इतवारीहून निघायचं, आठवडाभर भिवापूरला खोली करून राहायचं, शनिवारी परत. मिरचीच्या दिवसांत परतीच्या डब्यात भिवापुरी मिरचीची पोती असायची आणि नागपूर येईपर्यंत सगळा डबा शिंकत असायचा. दादा काय बोलत होते ते मला माहीत आहे, कारण त्यातलं निम्मं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणून हे लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे असं मी समजते.

वाहिनीची माणसं नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी आली ती मे महिन्यात. अकराला आली, साडेचारला गेली. कूलरचा आवाज येतो म्हणून कूलर बंद, पंखा बंद, खिडक्या लावलेल्या. नागपूरचा मे महिना बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही, पण त्या खोलीत ते सगळे स्वतः बसले होते, त्यांना कळायला हवा होता. दादांचं वय तेव्हा त्र्याऐंशी. मधे दोनदा मी लिंबाचं सरबत घेऊन गेले तर हातानंच थांबवलं, कारण दार वाजलं की पुन्हा घ्यावं लागतं. घरच्या मंडळींनी खोलीत बसू नये अशी विनंती होती, म्हणून आम्ही सगळे स्वयंपाकघरात. दादा जवळजवळ तीन तास बोलले. भिंतीपलीकडून मला त्यांचा आवाज येत होता, शब्द सगळे कळत नव्हते. इतक्या वर्षांत ते इतकं सलग बोललेले मी ऐकले नव्हते. संध्याकाळी थकले होते, पण खुशीत होते. म्हणाले, "सगळं सांगितलं पाय आज. काही ठेवलं नाही."

सप्टेंबरात तो भाग लागला. आम्ही वीसजण आमच्या बैठकीत बसलो होतो, मोतीबागेतले त्यांचे दोन जुने सहकारीही आले होते. दादांच्या वाट्याला चार मिनिटांपेक्षा कमी वेळ आला. वेळ कमी मिळाला याचा राग नाही. एका भागात तीन पाहुणे असतात, जाहिराती असतात, हे मला समजतं. त्या चार मिनिटांत काय ठेवलं आणि काय टाकलं, त्याबद्दल मला बोलायचं आहे.

पहिली गोष्ट पट्टीची. दादांच्या चेहऱ्याखाली लिहून आलं, "मध्य रेल्वेचे निवृत्त स्टेशन मास्तर". ते गार्ड होते, आणि मध्य रेल्वेत नव्हते. छोटी लाइन दक्षिण पूर्व रेल्वेची, आणि दादा निवृत्त झाल्यावर २००३ मध्ये ती दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत गेली. नागपुरात दोन रेल्वेंची दोन वेगळी मंडळं आहेत हे इथल्या रिक्षावाल्यालाही ठाऊक असतं. दादांच्या ओळखपत्रावर आणि पेन्शनच्या कागदावर हे सगळं छापलेलं आहे. ते कागद त्या दिवशी टेबलावर होते, त्यांचे फोटोही काढले होते.

दुसरी गोष्ट चित्रांची. दादा बोलत होते भिवापूरच्या पुढच्या लाइनबद्दल, आणि पडद्यावर दिसत होती माथेरानची गाडी. मग एक धबधबा, मग कोकणातला बोगदा. आमच्या लाइनवर बोगदा कुठला? दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, मधे मधे मोहाची आणि पळसाची झाडं, आणि मग झाडीपट्टीचं रान. माथेरानच्या गाडीचे रूळ दोन फुटांचे, आमचे अडीच फुटांचे. पाहणाऱ्याला हा फरक बारीक वाटेल. पण माथेरानची गाडी आजही हौसेनं बसायची गाडी आहे आणि आमची गाडी दवाखान्यात, कचेरीत, कॉलेजात, बाजारात नेणारी होती. दिवाळीनंतर तिच्यातून झाडीपट्टीच्या नाटकांचे कलाकार जायचे, पेटी आणि तबला मांडीवर घेऊन. नागभीडला उतरून पुढे वडसा. हे दादांनी सांगितलं होतं. तेवढा शब्द मी भिंतीपलीकडून ऐकला होता. माथेरानचं चित्र लावलं की बघणारा म्हणतो, "काय मजेची गाडी!" आणि दादांचं बोलणं तिथेच खोटं पडतं. गाडी बंद झाली म्हणून चित्रीकरण मिळालं नाही असं म्हणावं, तर कडबी चौकाजवळ मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे. आमच्या घरापासून अर्ध्या तासाची वाट. त्या दिवशी साडेचारला गाडी वळवली असती तर खरे डबे, खरी इंजिनं मिळाली असती.

आता मुख्य गोष्ट सांगते. तिच्यासाठीच हे पत्र आहे.

दादांनी जो प्रवास सांगितला तो एका श्रावणातल्या रात्रीचा. साल १९७३ किंवा १९७४. संध्याकाळची गाडी भिवापूर सोडून नागभीडकडे निघालेली, तीन दिवसांची झड लागलेली. त्या भागात जुने मालगुजारी तलाव आहेत. मालगुजार म्हणजे इकडचे जमीनदार. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, म्हणून माजी मालगुजारी, आणि लोकांच्या तोंडी झाले मामा तलाव. अशा एका मामा तलावाची पाळ त्या रात्री फुटली आणि पाणी लाइनीवरून गेलं. रुळाखालची खडी वाहून गेली, रूळ नुसते लोंबत राहिले. अंधारात इंजिनाच्या दिव्याला ते दिसणं शक्य नव्हतं, कारण पाण्याच्या वर रूळ जागेवरच असल्यासारखे वाटत होते.

गाडी वाचली ती एका पेट्रोलमनमुळे. पावसाळ्यात रेल्वे रात्रीची गस्त ठेवते. एक माणूस हातात कंदील, पाठीवर फटाके, डोक्यावर इरलं किंवा पोतं घेऊन ठरलेल्या मैलांमधून चालत जातो, पुढच्या गस्तवाल्याला भेटतो, परत फिरतो. लाइन तुटलेली दिसली तर त्यानं गाडी येणार त्या बाजूला धावायचं, ठरलेल्या अंतरावर रुळावर फटाका बसवायचा, आणखी पुढे जाऊन तीन बसवायचे, आणि लाल दिवा दाखवत उभं राहायचं. चाकाखाली फटाके वाजले की ड्रायव्हर गाडी थांबवतो. या माणसानं ते सगळं केलं, आणि एकट्यानं केलं. मग दुसऱ्या बाजूनंही काही येऊ नये म्हणून छातीभर पाण्यातून पलीकडे जाऊन तिकडेही फटाके लावून आला. दादा गार्ड, त्यांचं काम गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन तसेच फटाके लावायचं. ते करून परत आले तेव्हा हा माणूस रुळावर बसलेला होता. दोन्ही तळपायांना खडीनं चिरा पडलेल्या, आणि हातातला कंदील तसाच वर धरलेला. गाडी उभी आहे, आता खाली ठेव, असं त्याला दोनदा सांगावं लागलं. दादांनी त्याला आपली घोंगडी दिली. डब्यातल्या लोकांनी शिदोऱ्या सोडल्या. सकाळी जवळच्या गावातून भाताची पेज आली.

आमच्या घरात ही गोष्ट लहानपणापासून माझ्या भाच्यांनी ऐकलेली आहे. मलाही पाठ आहे. पण दादा ती सांगताना नेहमी "तो पेट्रोलमन" म्हणायचे. नाव त्यांच्या मनात होतं, आम्ही कधी विचारलं नाही. मेमधल्या त्या दिवशी मात्र त्यांनी नाव घेतलं. हे मला त्यांनीच संध्याकाळी सांगितलं : "त्याचं नाव, गाव, सगळं सांगितलं टीव्हीवाल्याईले. त्याले कुनी बक्षीस नाही देलं, कागदावर नाव नाही आलं. आता येईल." त्यासाठीच दादा कॅमेऱ्यासमोर बसायला तयार झाले होते. कार्यक्रमात आपण दिसावं अशी हौस त्यांना नव्हती.

पडद्यावर काय आलं? विजा कडाडण्याचा आवाज, काळोख, माथेरानची गाडी, आणि दादांचं एक वाक्य : "पाणी लाइनीवरून चाललं होतं." खाली पट्टी आली, "मामांचा तलाव फुटला!" मामा तलाव म्हणजे कुणा मामाचा तलाव असं समजून कुणीतरी ती लिहिली होती. मग निवेदिकेचा प्रश्न : "काका, त्या क्षणी तुम्हाला काय वाटलं?" दादा थोडे थांबले, चष्मा काढून पुसला. घामानं काच भरली होती, कारण पंखा बंद होता. त्याच्यावर व्हायोलिन वाजलं. मग निवेदिका प्रेक्षकांकडे वळून म्हणाली की मृत्यूच्या दारातून परत आलेला हा प्रवासी आजही ती रात्र आठवून गहिवरतो. पेट्रोलमन कुठेच नव्हता. गाडी कशानं थांबली हेच कुणाला कळलं नाही. मोतीबागेहून आलेले ते दोन सहकारी एकमेकांकडे बघत राहिले. दादा काही न बोलता उठून आत गेले.

या कार्यक्रमाचे मी बरेच भाग पाहिले आहेत, मागचे आणि नंतरचेही. "काय वाटलं" हा प्रश्न प्रत्येक भागात चार-पाच वेळा येतो. "कसं झालं", "मग काय केलंत", "बरोबर कोण होतं" हे प्रश्न क्वचित येतात. भूगोल शिकवताना मी मुलांना सहलीचं वर्णन लिहायला द्यायचे. "खूप मजा आली" लिहिणाऱ्या मुलाला मी वही परत करायचे आणि विचारायचे, नदी कुठल्या हातानं आली, पूल दगडी होता की लोखंडी, डबा कुठे उघडलात. ते लिहिलं की मजा आपोआप दिसायची. प्रवासाची आठवण अशा गोष्टींनीच उभी राहते. माणूस आपल्या वाटण्याबद्दल बोलायला लागला की सगळ्यांचे प्रवास एकसारखे होतात, आणि या कार्यक्रमात ते तसे झालेले आहेत. बालीला गेलेली अभिनेत्री आणि भिवापूरच्या पुरात अडकलेला गार्ड अगदी एकाच तऱ्हेनं बोलताना दिसतात.

भाषेचंही तेच. दादा टेशन म्हणतात, सिंगल म्हणतात, भल्ली थंडी म्हणतात. चित्रीकरणाच्या वेळी त्यांना तीनदा सांगण्यात आलं की काका, जरा शुद्ध बोला, पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांना कळलं पाहिजे. अडतीस वर्षं रेल्वेत काम केलेल्या माणसाला त्याच्या कामाचे शब्द टाकायला सांगितले तर तो अडखळणारच. ते अडखळणं मग वयाचं म्हणून दाखवलं. नागपुरी बोली काही परकी नाही. मराठीच आहे, आणि प्रेक्षकांना कळते.

मला या कार्यक्रमाची कल्पना वाईट वाटत नाही, उलट फार हवीशी वाटते. एका भागात एक एसटी कंडक्टर होते, त्यांनी तिकिटांच्या पेटीबद्दल आणि मुक्कामी गाडीच्या रात्रींबद्दल सांगितलेलं मी अजून विसरलेले नाही. असे भाग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी विमानतळ, बर्फ, समुद्र. आमच्या भागातले किती प्रवास सांगायचे पडले आहेत! नागपंचमीच्या आधी पचमढीच्या नागद्वारला इथून माणसांच्या झुंडी जातात, पायऱ्या नसलेल्या कड्यांवरून, पावसात. पन्नास वेळा गेलेली माणसं प्रत्येक मोहल्ल्यात सापडतील. आणि १४ ऑक्टोबर १९५६. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा दिली त्या दिवसासाठी लाखो माणसं नागपूरला आली. ती कशी आली? आमच्या शाळेतल्या शिपायाची आई उमरेडकडच्या एका खेड्यातून बंडीनं, म्हणजे बैलगाडीनं, आली होती, तेव्हा ती नऊ वर्षांची. बंडीत पांढरं लुगडं वेगळं बांधून ठेवलं होतं, धूळ लागू नये म्हणून, आणि शहराच्या वेशीशी विहिरीवर अंघोळ करून सगळ्या बायांनी ते नेसलं. हे तिनं मला शाळेच्या पायरीवर बसून सांगितलं. ती गेली. त्या दिवशी आलेली जी माणसं आज आहेत, ती ऐंशीच्या आसपास किंवा पुढे आहेत. प्रवासाच्या आठवणींचा कार्यक्रम करणाऱ्यांनी आधी कुणाच्या घरी जायला हवं?

आता दादांबद्दल. दिवाळीनंतर त्यांना गोष्टी आठवेनाशा झाल्या. आधी सकाळचं विसरायचे, मग माणसं. डॉक्टरांनी सांगितलं की हे थांबणार नाही, हळू करता येईल एवढंच. त्या श्रावणातल्या रात्रीची गोष्ट त्यांना अजून तुकड्यातुकड्यांनी आठवते. कंदील आठवतो, घोंगडी आठवते. मागच्या महिन्यात मी विचारलं, "दादा, त्याचं नाव काय होतं गा?" ते बराच वेळ छताकडे बघत राहिले. म्हणाले, "थांब वं, येऊन राहिलं तोंडात." आलं नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, नाही आलं. आता विचारत नाही, कारण त्यांना त्रास होतो, रात्री उठून बसतात.

म्हणजे ते नाव आज फक्त एका ठिकाणी आहे, वाहिनीनं घेतलेल्या त्या तीन तासांच्या चित्रीकरणात. मी फोन केला. पहिल्यांदा सांगितलं की विभागाला कळवतो. दुसऱ्यांदा सांगितलं की मूळ चित्रीकरण बाहेर देण्याची पद्धत नाही. तिसऱ्यांदा फोन उचलणाऱ्या मुलीनं, ती बिचारी चांगली बोलली, सांगितलं की भाग लागल्यावर काही महिन्यांनी कार्डं रिकामी करतात, जागा लागते म्हणून, पण या भागाचं काय झालं ते बघून सांगते. त्याला दीड महिना झाला.

म्हणून माझं मागणं दोन ठिकाणी आहे.

वाहिनीला : ते चित्रीकरण अजून असेल तर पुसू नका. मला आवाज दिला तरी चालेल, चित्र नको. खर्च असेल तो मी देईन. आणि यापुढे ज्या म्हाताऱ्या माणसांना तुम्ही तीन-तीन तास बोलायला लावता, त्यांच्या घरी त्या बोलण्याची एक पूर्ण प्रत देऊन जा. तुमचा भाग तुम्हाला हवा तेवढा कापा. आणि विदर्भात यायचं तर हिवाळ्यात या.

वाचकांना : तुमच्यात कुणी छोट्या लाइनवर, भिवापूर ते नागभीडच्या टप्प्यात, १९७० ते १९७५ या काळात काम केलेलं असेल, किंवा कुणाचे वडील, आजोबा तिथे गँगमन, पेट्रोलमन असतील, तर घरात विचारून बघा. मोतीबागेतल्या सहकाऱ्यांनी मला तीन नावं सांगितली, तिन्ही वेगळी, म्हणून ती इथे लिहीत नाही. श्रावणातली रात्र, फुटलेला मामा तलाव, दोन्ही बाजूंना लावलेले फटाके, तळपायांना चिरा, आणि सकाळी परत जाताना अंगावर एका गार्डाची करड्या रंगाची घोंगडी. ती घोंगडी त्यानं परत दिली नव्हती, दादांनी मागितलीही नव्हती. कदाचित एखाद्या घरात ती अजून असेल. माहिती असेल त्यांनी कृपया संपादकांकडे कळवावं. माझा पत्ता त्यांच्याकडे दिलेला आहे. जरा लवकर कळवावं, दादांना ते नाव ऐकून ओळखू येईल तोवर.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
महाल, नागपूर